नगरचा माठ, मुंबईचा माठ

मैत्रिणींनो, दर मे महिन्यात मुंबईच्या वन्सं मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. आल्या की आधी माठातलं पाणी, आणि दरवर्षीचं तेच, "वहिनी, तुमचं पाणी इतकं गार कसं हो? आमचा माठ नुसता शोभेचा!"

एकाच कुंभाराकडून आणलेले दोन माठ असले तरी हा फरक पडणारच. माठातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी ठणठणीत, ओलावा घटाघटा पिणारी. मुंबईची हवा समुद्रावरून आलेली, आधीच ओली. ती आणखी काय पिणार? म्हणून तिथे माठ निवत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. पारा आपल्याकडे ४० अंशांवर आणि त्यांच्याकडे ३३-३४ वर, तरी "शिजून निघालो" म्हणतात ते काही खोटं नाही.

गंमत म्हणजे नकाशावर ही दोन्ही शहरं एकाच रेघेवर आहेत, साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. (आमचं नगर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तोंडात मात्र अजून नगरच येतं.) वर्गात मी मुलांना पट्टी ठेवून हे दाखवते. सूर्य दोघांवर सारखाच तळपतो, मधलं अंतर सरळ रेषेत जेमतेम २०० किलोमीटर. मग एवढा फरक कशाने? आपल्या स्वयंपाकघरातच बघा. तवा क्षणात तापतो नि उतरवला की लगेच निवतो. पातेलंभर पाणी तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. जमीन म्हणजे तवा, समुद्र म्हणजे ते पातेलं. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन आधी निवते, मग मतलई वारे उलटे समुद्राकडे वाहतात. किनाऱ्याला फुकटचा पंखा! थंडीत हाच समुद्र ऊब देतो. जानेवारीत आम्ही दुलया काढतो तेव्हा वन्संचं चादरीवर भागतं.

हा पंखा काही घाट चढून आपल्यापर्यंत येत नाही. पावसाळी वारे येतात, पण सह्याद्री चढताना गार होऊन तिथेच रिते होतात. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि कर्जत-पाथर्डीकडे ५००-६०० वर भागवायचं! पुस्तकात ह्याला पर्जन्यछाया म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आजीबाईंना ती पुस्तकातून शिकावी लागली नाही. आपला खरा पाऊस बहुधा सप्टेंबरातला, आणि तो पुष्कळदा बंगालच्या उपसागराकडून आलेला. म्हणजे समुद्र लागतोच, फक्त दुसरा!

नगरच्या नळाला पाणी येतं मुळा धरणाचं, आणि मुळा उगम पावते हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात. अरबी समुद्राची वाफ तिथे बरसते, राहुरीजवळ अडते आणि आपल्या हंड्यात येते. म्हणून जुलैत अंगणात थेंब नसला तरी मी पेपरात आधी अकोल्याचा पाऊस बघते. पुढच्या उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येणार, ते तिथे ठरतं.

आता थोडं कामाचं. पापड-कुरडयांना आपली हवा सोन्यासारखी, पण मुंबई-रत्नागिरीला पाठवताना पूर्ण निवू द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यातच भरा. तिकडे मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायला सांगा. माठ वाऱ्याच्या जागी ठेवा आणि बाहेरून काथ्याने घासत जा, क्षारांनी छिद्रं बुजली की तो पाझरत नाही. कोकणातून इकडे सून म्हणून आलेल्या मुलींनी तर जास्तच जपावं. इथे घाम येतो तसा लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी गेलेलं कळतच नाही. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं घेत राहावं. लेकरांचा घोळणा फुटला तर डोकं मागे टाकू नये. पुढे वाकवून नाक दहा मिनिटं चिमटीत धरावं, तरीही रक्त थांबलं नाही तर सरळ डॉक्टरांकडे न्यावं.