दिवसा कोयता, रात्री अक्षरे

ऐन शाळेच्या दिवसांत सरकारने मोठ्या शाळांना पाच महिने कुलूप लावले आणि पोरांना सांगितले, 'जा खेड्यात, तिथल्या माणसांना शिकवा,' तर तुम्ही काय म्हणाल? मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात 1980 साली हे खरोखर घडले.

देश लहान. कॉफी, कापूस, ऊस ही पैशाची पिके. पोटासाठी मका आणि घेवडा. सोमोझा घराण्याने तिथे चाळीसहून अधिक वर्षे सत्ता गाजवली. 1979 च्या जुलैत सँडिनिस्टा बंडखोरांनी ती उलथून टाकली, तेव्हा देशातले निम्मे लोक निरक्षर होते. खेड्यांत तर त्याहून जास्त.

नव्या सरकारने साक्षरतेचे काम फर्नांडो कार्देनाल या जेसुइट धर्मगुरूकडे सोपवले. एवढे शिक्षक आणायचे कुठून? आधी 80 जण तयार केले, त्यांनी साडेपाचशेंना शिकवले, त्यांनी पुढे हजारोंना. असे करत 23 मार्चपासून सुमारे 60,000 तरुण खेड्यापाड्यांत गेले. त्यांत निम्म्याहून अधिक मुली. आईबापांची परवानगी लागे, आणि ती सहजासहजी मिळत नसे. वयात आलेली लेक पाच महिने परक्याच्या घरी, तेही डोंगरात! तुमच्या-माझ्या घरी तरी दुसरे काय झाले असते?

बरोबर गॅसबत्ती, मच्छरदाणी, निजायला टांगती झोळी आणि पुस्तके. मुक्काम शेतकऱ्याच्याच घरी; तिथे शिजेल ते खायचे. दिवसा घरच्यांबरोबर शेतात कोयता चालवायचा, मक्याच्या भाकऱ्या थापायला हात लावायचा, आणि रात्री गॅसबत्तीभोवती वर्ग भरायचा. या साऱ्या मोहिमेत मला हीच गोष्ट शहाणपणाची वाटते. शहरातल्या पोराला मक्याची पेरणी ठाऊक नव्हती, शेतकऱ्याला अक्षर ठाऊक नव्हते. कोयत्याला सरावलेल्या बोटांत पेन्सिल धरवेना आणि शहरी तळहाताला फोड आलेले. कोणी कोणाला हसायचे?

शेवटी परीक्षा. आपले नाव लिहायचे, उतारा वाचून अर्थ सांगायचा, सांगितलेले वाक्य उतरवायचे. चार लाखांवर माणसे पास झाली. निरक्षरता 50 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आली असे सरकारने जाहीर केले, युनेस्कोने पारितोषिक दिले. हा आकडा मात्र थोडा चाळून घ्यावा. म्हातारपणामुळे वा आजारामुळे शिकू शकणार नाहीत असे धरलेले लोक त्या हिशेबातून वगळले होते. पुस्तकाचा पहिला धडाही सँडिनो आणि क्रांतीवरच, म्हणजे अक्षरांबरोबर पक्षाचे बीही पेरले जात होते. पूर्व किनाऱ्यावरच्या मिस्किटो लोकांपुढे आधी स्पॅनिशच ठेवली. त्यांनी विरोध केला, तेव्हा कुठे त्यांच्या भाषेत वर्ग निघाले.

आणि मोहिमेला मोल पडले ते जिवांचे. सोमोझाच्या जुन्या शिपायांनी काही शिक्षकांना ठार मारले; काही अपघातात, काही आजाराने गेले. निरोप देऊन पाठवलेली सगळीच पोरे ऑगस्टात घरी आली नाहीत.

मुले परतल्यावर गावातल्याच चांगल्या शिकलेल्याने वर्ग पुढे चालवायचा, असे ठरले होते. ठिकठिकाणी ते चाललेही. पण अमेरिकेच्या पैशावर लढणाऱ्या कॉन्ट्रा टोळ्यांनी शाळा जाळल्या, शिक्षक मारले, आणि सरकारचा पैसा लढाईत जाऊ लागला. मोठेपणी गिरवलेली अक्षरे म्हणजे नुकती लावलेली रोपे; पाणी तोडले की माना टाकतात. वाचायला काही हाती येईना, आणि निरक्षरता पुन्हा वाढली.

1980 च्या त्या सरकारातले डॅनिएल ऑर्टेगा 2007 साली पुन्हा सत्तेवर आले. त्यांच्याच सरकारने 2023 च्या ऑगस्टमध्ये राजधानी मानाग्वातले जेसुइटांचे विद्यापीठ ताब्यात घेतले. कार्देनाल 2016 सालीच वारले होते.