एकच ओळख की एकच कसोटी?

डिजिटल सहीचा सातबारा काढायला एक लॉगिन, शिष्यवृत्तीच्या अर्जाला दुसरे, भविष्यनिर्वाह निधीला तिसरे. याला विटलेले लोक सुचवतात की सगळीकडे आधारचा ओटीपीच ठेवावा. तक्रार रास्त आहे, उपाय नाही. एकसारखी हवी ती खात्रीची कसोटी. कोणत्या कामासाठी माणसाची ओळख किती पक्की पटायला हवी, हे सर्व खात्यांसाठी एकदाच ठरावे आणि त्या कसोटीला उतरणारे कोणतेही साधन चालावे. युरोपीय संघाने २०१४च्या ईआयडीएएस या डिजिटल ओळखीच्या नियमावलीत खात्रीच्या तीन पातळ्या ठरवल्या. साधने मात्र ज्या त्या देशावर सोडली.

‘एकच साधन’वाले एस्टोनियाचा दाखला हमखास देतात, पण अर्धाच. २०१७ मध्ये तिथल्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये, गुप्त किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीतच दोष सापडला. कार्डे साडेसात लाखांच्या घरात, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम तेरा लाख! नोव्हेंबरात सरकारने त्या कार्डांची प्रमाणपत्रे स्थगित केली. कार्डे घरबसल्या अद्ययावत करता येत होती हे खरे; पण मधल्या काळात लोकांना आधार होता तो मोबाइलच्या सिमवर चालणाऱ्या दुसऱ्या साधनाचा. त्यात हा दोष नव्हता, आणि कायद्याने त्याचे वजनही कार्डाइतकेच होते. आपल्याकडे आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडला की बहुतेकदा बोटांचे ठसे पुढे करायचे, आणि राबून झिजलेली बोटे यंत्र अनेकदा ओळखत नाही.

साधने अनेक झाली तर लबाड माणूस त्यांतले सर्वांत कच्चे शोधणार, हा आक्षेप हलका नाही. पातळी आधी ठरवायची ती म्हणूनच: तिच्याखालचे साधन त्या कामाला चालणारच नाही. शिवाय ज्याची सक्ती करायची तो ओटीपी तरी कुठे अभेद्य आहे? दुसऱ्याच्या नावचे सिम काढून तो पळवता येतो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानकसंस्थेने २०१७ मध्येच एसएमएसवरच्या ओटीपीला निर्बंधित साधनांत टाकले.

साधन आधी ठरवून कामे त्याच्या गळ्यात बांधली की काय होते, हे लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये दिसले. महिलेबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. दोघेही हयात नसलेल्यांसाठी मागाहून वेगळी सोय करावी लागली. कुटुंबाची पात्रता तपासणे सरकारचे कामच आहे, पण ते अर्जदाराची ओळख पटवण्याहून वेगळे काम आहे.