पिकलेल्या केसांची विद्या

विद्या ही वयाबरोबरच पिकते, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची एक दृढ समजूत आहे. घरांतलें कोणी पदवी घेऊन संशोधनाच्या वाटेस लागलें, कीं वडीलधारे सांगूं लागतात, “आधीं अनुभव घ्या, मग नवें कांहीं सांगा.” हा उपदेश आम्हांस साफ अमान्य आहे, आणि तो खोडून काढण्यास पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा इतिहास पुरेसा आहे.

हा रोग बहुधा लहानपणीं वा तारुण्यांत जडतो. शरीराची संरक्षक शक्तिच उलटून स्वादुपिंडांतील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करिते. १९२२ पूर्वीं असें निदान म्हणजे मृत्यूचीच सूचना असे. रोग्यास अर्धपोटीं ठेवून त्याचे दिवस थोडे लांबवावे, एवढेंच वैद्यांच्या हातीं होतें. या पेशींचीं बेटें प्रथम वर्णिलीं तीं पॉल लँगरहान्स या बर्लिनच्या विद्यार्थ्यानें, १८६९ सालीं. तेव्हां त्याचें वय होतें २१. टोरोंटो विद्यापीठांत १९२१ च्या उन्हाळ्यांत प्रयोगास आरंभ करणारा फ्रेडरिक बँटिंग २९ वर्षांचा, आणि त्याचा मदतनीस चार्ल्स बेस्ट अवघा २२ वर्षांचा होता. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास त्यांचा अर्क टोचण्यांत आला. गुण फारसा आला नाहीं. पुढें जेम्स कॉलिप या २९ वर्षांच्या रसायनज्ञानें तो शुद्ध केला. २३ जानेवारीस पुनः टोचल्यावर मुलाच्या रक्तांतील साखर उतरली व तो वांचला.

प्रतिपक्षी म्हणतील, बँटिंगची मूळ कल्पनाच फसवी होती. स्वादुपिंडाची नलिका बांधण्याचा त्याचा खटाटोप अखेर अनावश्यक ठरला. शिवाय प्रयोगशाळा, कुत्रे आणि मदतनीस दिले ते प्रौढ प्राध्यापक मॅक्लाऊड यांनीं. हें सर्व आम्हांस मान्य आहे, आणि तें आमच्याच बाजूचें आहे. बँटिंग हा संशोधनाचा अनुभव नसलेला शस्त्रवैद्य होता. मॅक्लाऊड यांनीं त्याचा अनुभव मोजून त्यास दारांतूनच परत धाडलें असतें, तर व्यवहारज्ञानाच्या दृष्टीनें तें योग्यच ठरलें असतें! साशंक असूनही त्यांनीं जागा दिली, हेंच वडिलकीचें खरें काम. तरुणानें चुकावें, वडिलांनीं चूक सुधारावी. पण चुकण्यास जागाच नसेल तर सुधारावयाचें काय?

श्रेयाच्या वांटणींत मात्र तेथेंही वयच जिंकलें. १९२३ चें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाऊड यांस मिळालें. बेस्ट वगळला गेला. बँटिंगनें आपल्या रकमेचा निम्मा वांटा बेस्टला आणि मॅक्लाऊड यांनीं आपला निम्मा कॉलिपला दिला, म्हणून थोडी लाज राखली गेली.

काम अद्यापि संपलेलें नाहीं. इन्सुलिन रोग्यास जगवितें, बरें करीत नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंत टेप्लिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली, तीही रोगाचें आगमन कांहीं काळ लांबविण्यापुरतीच. आणि त्याच अमेरिकेंत राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून स्वतंत्र संशोधनाचें पहिलें मोठें अनुदान मिळतां मिळतां शास्त्रज्ञ सरासरीनें चाळिशी ओलांडतो. बँटिंग व बेस्ट यांना आज दहा-वीस वर्षें तिष्ठत बसावें लागलें असतें! आमच्याकडे तर मंजूर झालेली विद्यावृत्तिही महिनोन्‌महिने हातीं पडत नाहीं, ही तरुण संशोधकांची नित्याची तक्रार आहे.

या दोषांतून आम्हीही सुटलेले नाहीं. निवडसमितींत बसून “आजवर आपले निबंध किती?” असें तरुण उमेदवारांस आम्हीं कितीदां तरी विचारलें आहे, “आपणांस शोधावयाचें आहे तें काय?” हें मात्र क्वचित्. मधुमेही बालक आपल्या शास्त्रज्ञाचे केस पिकण्याची वाट पाहत थांबूं शकत नाहीं. तेव्हां वडीलधाऱ्यांनीं उपदेश आवरावा, आणि प्रयोगशाळेची किल्ली वेळेवर द्यावी.