सहा आठवडे कशासाठी?

घोटा मोडला, प्लेट आणि स्क्रू बसले, की आमच्याकडे एक आकडा सगळ्यांना पाठ असतो: सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. डोंगरातल्या पोस्टिंगवर असे जवान नेहमी दिसतात. ओला दगड, पाठीवर ओझं, पाय वळतो आणि कडकन आवाज येतो. पण हे सहा आठवडे सरसकट सगळ्यांना लावायला माझा विरोध आहे.

ब्रिटनमधल्या 23 रुग्णालयांत 480 जणांवर झालेला अभ्यास 2024 मध्ये 'द लॅन्सेट'ने छापला. निम्म्यांना ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी चालायला सांगितलं, निम्म्यांना सहा आठवड्यांनी. चार महिन्यांनी पाहिलं तर लवकर चाललेले कुठेही मागे नव्हते, आणि गुंतागुंतही दोन्हीकडे साधारण सारखीच.

कागदावर फरक चार आठवड्यांचा. पण आमचा जवान सिक लीव्हवर जातो कुठे? जावळीला, नाहीतर चंदगडला. जुलैत अंगणात चिखल, उंच उंबरठा, संडास परसात. तिथे कुबड्यांवर एका पायाने उड्या मारणं हीच मला मोठी जोखीम वाटते. तोवर पोटरीची काडी होते, आणि पुढे कॅटेगरी परत मिळवून शारीरिक चाचणीची धाव काढायचीच असते.

दुसऱ्या टोकाचे वीरही आहेत. "साब, कुछ नहीं हुआ" म्हणत चौथ्या दिवशी पाय टेकवणारे. जखम भरायला साधारण दोन आठवडे लागतात, तिला शौर्य कळत नाही. आणि त्यानंतरचं चालणं म्हणजे आधाराचा बूट घालून, कुबड्या धरून, सोसेल तेवढाच भार.

मधुमेही माजी सैनिकांनी तर हे वाचून कुबड्या फेकू नयेत. पायाची संवेदना गेली असेल तर दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि आत जोड हलतो. हाड ठिसूळ असेल, किंवा घोट्याच्या वरचे बंध फाटून तिथे स्क्रू घातला असेल, तर सर्जन थांबायला सांगतो, आणि त्याचं ऐकावं.

म्हणूनच टाके काढायला जाल तेव्हा विचारा: माझी जोडणी पक्की आहे का? आज पाय टेकवला तर काय बिघडेल? एमएचमध्ये समोर खांद्यावर पिप्स दिसले की जवान 'जी सर' म्हणून उठतो. माझ्या पलटणीतून जाणाऱ्याच्या खिशात हल्ली हे दोन प्रश्न हिंदीत लिहिलेली चिठ्ठी असते.