घरचा डब्बा आणि १३७ जीबीचं कोडं

पुण्या-मुंबईत जॉब, आई-बाबा वाशिमला. अशा घरांत एक जुना डेस्कटॉप हमखास सापडतो. वर कव्हर, खाली यूपीएस आणि पोटात ४० जीबीची डिस्क. ताईच्या लग्नाचे फोटो, आजोबांची वंशावळ, सगळं त्यातच! बदलायचं नाव काढलं की आमच्या बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘चालू हाय ना बेटा, मंग काहून बदलवतं?’

मग आपण फंडा लढवतो. यातच नवी मोठी डिस्क टाकू, झालं काम. पण थांबा बॉस! आधी केबल बघा. जुन्या मशीनमधली आयडीई केबल चपटी, रुंद, ४० पिनांची. नंतर आलेली साटा बारीक, ७ पिनांची. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. कन्व्हर्टर मिळेलही, पण खरी गोची पुढे आहे.

आपल्याकडच्या गाड्यांचे नंबर आठवा. एमएच ३७, मग अक्षरं, मग चार आकडे. ९९९९ झाले की आरटीओ नवी सिरीज काढतं. डिस्कवरही ५१२ बाइटच्या प्रत्येक कप्प्याला नंबर असतो, फक्त जुन्या मशीनकडे नवी सिरीज नसते. ही मर्यादा नव्वदच्या दशकात आधी ५०४ एमबीला आडवी आली, मग ८.४ जीबीला. त्यानंतर २८ बिटांचा पत्ता, म्हणजे २६ कोटी ८४ लाखांवर कप्पे. हिशेब १३७ जीबी. विंडोज तेच १२८ दाखवतं, उगाच दुकानदाराशी भांडू नका! पुढे ४८ बिटांचा पत्ता आला, पण त्यासाठी विंडोज एक्सपीला २००२ चा सर्व्हिस पॅक १ तरी हवा.

तो नसेल आणि दुसरीकडे फॉरमॅट केलेली मोठी डिस्क तुम्ही जोडली, तर? १३७ जीबीनंतर मोजणी पुन्हा शून्यावर येऊ शकते. नवा डेटा थेट डिस्कच्या सुरुवातीवर लिहिला जातो आणि आधीचा पुसला जातो. एरर येईलच असं नाही.

म्हणून उलटं करा. नवी डिस्क आत घालण्याऐवजी जुनी बाहेर काढा. आयडीई-टू-यूएसबी अ‍ॅडॅप्टरने ती लॅपटॉपला जोडा. अ‍ॅडॅप्टर वेगळ्या पॉवर सप्लायवाला घ्या. डेस्कटॉपच्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. डिस्क कट-कट वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करू नका, सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. सगळं नीट कॉपी झालं की दोन प्रती करा, दोन वेगळ्या जागी ठेवा.

आणि हो, विंडोजचं फॉन्ट्स फोल्डरही उचला. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली वंशावळ त्या फॉन्टशिवाय उघडलीत, तर पणजोबांच्या जागी नुसते डॉलर आणि कंस दिसतील!