तिसरी आली म्हणजे तिसरीच ना?

शर्यत जिंकली की संघात नाव लागलं, असं आमच्याकडे गावोगाव समजतात. पेपरात फोटो येतो, सरपंच शाल घालतो, पेढे वाटले जातात आणि पारावरची माणसं म्हणतात, आता पोरगी देशासाठी पळणार. तसं नसतं. पळणं वेगळं आणि निवडलं जाणं वेगळं. पळायला पाय लागतात, दम लागतो. निवडलं जायला काय लागतं, हे आमच्या पाड्यांवर येऊन अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. माझं भांडण तेवढ्याचसाठी आहे.

मी दहावीपर्यंत शिकलेला द्राक्षवाला माणूस. खेळातला तज्ज्ञ नाही. पण तालुक्याच्या शालेय स्पर्धांत बरीच वर्षं हातात स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेवर उभा राहिलोय. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या पट्ट्यातली पोरं शंभर मीटरला फार दिसत नाहीत. तीन हजार, पाच हजार म्हटलं की रांग लागते. कारण सरळ आहे. उंच उडीला गादी लागते, भालाफेकीला भाला लागतो, लांब पळायला रस्ता पुरतो. गरिबाचा खेळ म्हणतात तो हाच.

आणि याच मातीतून पोरी वर गेल्या. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. नाशकात भोसलाच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांनी तिला घडवलं. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला तिनं कांस्य मिळवलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर भारतीय बाईला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक. पुढच्याच महिन्यात चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत १०,००० ला रौप्य आणि ५,००० ला कांस्य. आमच्या दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे २०१७ ला दिल्लीची मॅरेथॉन जिंकून लंडनच्या जागतिक स्पर्धेत पळाली. चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईच्या संजीवनी जाधवनं त्याच वर्षी भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य घेतलं. म्हणजे पाय कमी नाहीत. प्रश्न दाराचा आहे.

दारं तीन आहेत. पहिलं दार घड्याळाचं. जागतिक संघटना एक वेळ ठरवून देते, त्या वेळेच्या आत पळालात तर पात्र. दुसरं दार क्रमवारीचं. मोठ्या स्पर्धांत पळून गुण गोळा करायचे आणि जगाच्या यादीत वरचा नंबर मिळवायचा. तिसरं दार आपल्या महासंघाचं. पहिली दोन ओलांडली तरी नाव पाठवणार तो महासंघ. एका देशाचे एका शर्यतीत जास्तीत जास्त तीन.

घड्याळाच्या दाराबद्दल माझी तक्रार नाही. रिओ ऑलिंपिकला, म्हणजे २०१६ ला, बायकांच्या मॅरेथॉनला पात्र व्हायला २ तास ४५ मिनिटं लागत होती. कवितानं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद दिले आणि तिकीट काढलं. आपल्या चौघी त्या वेळेच्या आत होत्या. ओ. पी. जैशा २:३४:४३, सुधा सिंग २:३५:३५, आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २:३८:२१, आणि कविता चौथी, ललितापेक्षा १७ सेकंदांनी मागं. जागा तीन. सुधा आणि ललिता स्टीपलचेसला पळाल्या, ललिता तर तिथं अंतिम फेरीत जाऊन दहावी आली, म्हणून जैशा आणि कविता मॅरेथॉनला उतरल्या. त्या दोघी मॅरेथॉनला थांबल्या असत्या तर कविता घरी बसली असती. पण ती कुणाच्या मर्जीनं बसली नसती, १७ सेकंदांनी बसली असती. हा फरक मोठा आहे. १७ सेकंद माणूस गिळू शकतो. मर्जी गिळता येत नाही.

टोकियोला बीडच्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत पळाला. राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. बाहेर राहिलेल्यांत सगळ्यात वेगवान तोच होता. वाईट वाटलं, पण कुणी अन्याय म्हटलं नाही. प्रत्येक गटातले पहिले तीन आणि बाकीच्यांतले सहा वेगवान, हा नियम बंदूक उडायच्या आधी सगळ्यांना ठाऊक होता.

आता तिसरं दार. २०१७ च्या जुलैत भुवनेश्वरला केरळच्या पी. यू. चित्रानं १,५०० मीटरचं आशियाई सुवर्ण जिंकलं. आशियाई विजेत्याला लंडनच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळते, असं सगळे धरून होते. महासंघानं संघ जाहीर केला, त्यात चित्रा नाही. तिची कामगिरी तिथं टिकण्यासारखी नाही, असा सूर लावला. पोरगी केरळच्या हायकोर्टात गेली. कोर्टानं सांगितलं, हिला पाठवा. तोवर नावं द्यायची मुदत टळली होती. जागतिक संघटनेनं नाही म्हटलं. कोर्टात जिंकली, मैदानावर जिंकली, आणि लंडनची शर्यत तिच्याविना झाली.

महासंघाची बाजू मी समजू शकतो. संथ शर्यतीत पहिला आलेला माणूस वेगवान जगात मागं पडतो, हे खरं आहे. लांबच्या शर्यतीत तर पुष्कळदा सगळे एकमेकांवर डोळा ठेवून रेंगाळतात आणि शेवटच्या फेरीत सुटतात. तिथला पहिला नंबर म्हणजे चांगली वेळ, असं नाही. मग हे आधी सांगा ना! पहिला आलात तरी अमुक वेळेच्या आत यावं लागेल, असं शर्यतीच्या आधी लिहून लावा. आमची द्राक्षं युरोपला जातात तेव्हा साखर किती हवी, मणी किती मिलिमीटरचा हवा, कोणतं औषध चालणार नाही, हे छाटणीच्या वेळी माहीत असतं. ब्रिक्स मीटरला बाग कुणाची ते दिसत नाही. माल नापास झाला तर शेतकरी हळहळतो, पण समजून घेतो. तोच शेतकरी डिसेंबर २०२३ मध्ये का पेटला? कांदा काढून झाल्यावर रातोरात निर्यातबंदी आली म्हणून. पीक उभं असताना नियम बदलला की माणूस बुडतो. धावपटूचं पीक तर दोन-तीन हंगामांचंच असतं.

आता खालचं सांगतो, कारण चित्राला निदान हायकोर्ट तरी मिळालं. आमच्या शेजारच्या पाड्यावरची एक पोरगी एका निवड-चाचणीत तीन हजार मीटरला तिसरी आली. तीन जणी वर जाणार, असं सकाळी माइकवरून सांगितलं होतं. चार दिवसांनी यादी आली, त्यात पहिली, दुसरी आणि चौथी. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, कमिटीचा निर्णय आहे. कमिटी म्हणजे कोण, निर्णय कशावरून, कागद कुठाय, याला उत्तर नाही. कोणाचं नाव घेत नाही, घेऊन आता उपयोगही नाही. पण तिचा बाप एसटी स्टँडवर मला म्हणाला, “नाना, तिसरी आली म्हणजे तिसरीच ना?” मी काय सांगणार? पुढच्या वर्षी तो तिला घेऊन आला नाही. त्या बापाला मी दोष देणार नाही. दोन दिवसांची मजुरी बुडवून, भाड्याचे पैसे उसने घेऊन तो पोरीला नाशकाला आणत होता. आकड्यावर हरला असता तर परत आला असता. वैशाखात तिचं लग्न झालं.

पाड्यावरच्या पोरीला अठराव्या वर्षापर्यंत वेळ असतो, आणि तोही घरच्यांची मनधरणी करून मिळवलेला. एक वर्ष कमिटीनं खाल्लं की तिच्या हातात काही उरत नाही. शहरातलं पोर दुसऱ्या वर्षी येतं, तिसऱ्या वर्षी येतं. हिच्या घरी दुसरं वर्ष नसतं.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं, आता सगळं क्रमवारीवर आणि वेळेवर चालतं, मर्जीला जागाच नाही. तिथंही बघा काय झालंय. रिओला २ तास ४५ मिनिटांत पात्र होता येत होतं. पॅरिसला, आठ वर्षांत, ती वेळ २ तास २६ मिनिटं ५० सेकंदांवर आली. कविताची गुवाहाटीची वेळ तिथं पावणेबारा मिनिटांहून जास्त मागं पडते. पॅरिसच्या मॅरेथॉनला आपलं कुणीच नव्हतं, ना बाई ना बाप्या. जग वेगानं पळायला लागलंय, त्याला इलाज नाही. पण अशी वेळ मिळते कुठं? पुरुषांच्या १०,००० मीटरचा २८ मिनिटं २.८९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम सुरेंद्र सिंगनं २००८ ला स्पेनमध्ये केला. तो मोडला गुलवीर सिंगनं २०२४ ला अमेरिकेत, मग त्याच वर्षी पुन्हा जपानात. साबळेचा ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा विक्रम पॅरिसचा. जैशाची ती वेळ बीजिंगची. उलटा दाखला एकच मोठा आहे: शिवनाथ सिंगनं १९७८ ला जालंधरला मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पळून ठेवली, आणि तो आकडा चाळीस वर्षांहून जास्त काळ कुणाला हलवता आला नाही. बाकी वेग हवा तर थंड हवा, सपाट रस्ता आणि बरोबर पळणारे तगडे गडी लागतात. क्रमवारीतही मोठ्या स्पर्धेतल्या खालच्या नंबराला छोट्या स्पर्धेतल्या पहिल्यापेक्षा जास्त गुण मिळू शकतात. म्हणजे पळायला रस्ता पुरतो, पण पात्र व्हायला विमान लागतं. विमानात कुणाला बसवायचं, हे कोण ठरवतं? पुन्हा तीच कमिटी. मर्जी गेली नाही, एक पायरी खाली उतरून बसली.

दुसरीकडे काय करतात तेही सांगतो. अमेरिकेत ऑलिंपिकच्या मॅरेथॉनसाठी एक चाचणी शर्यत असते. तिच्यात उतरायला ठरलेली वेळ दाखवावी लागते, आणि मग त्या दिवशी जे पहिले येतील ते संघात. ३ फेब्रुवारी २०२४ ला ऑरलँडोत फिओना ओकीफ नावाची पोरगी आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन पळाली, पहिली आली आणि थेट पॅरिसला गेली. मोठी नावं मागं राहिली. त्यांच्यासाठी कुणी फोन केला असेल नसेल, फोनला तिथं जागाच नव्हती. या रीतीतही खोट आहे. त्या दिवशी ताप आला तर चार वर्षं गेली. पण तापाला जात, गाव, वशिला माहीत नसतो.

आणि आपल्याकडे तरी हे नवीन कुठं आहे? पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा व्हायच्या. १९१९ साली दोराबजी टाटांनी तिथं शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली. साधी भाकरी खाऊन राबणारी पोरं, पळायचे नियम माहीत नाहीत, पण वेळ अशी की टाटा चकित झाले. त्यांनी खटपट केली, पुण्यातच स्पर्धा घेऊन माणसं निवडली, आणि १९२० ला अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा जण गेले. बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, तेही नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरच्या रस्त्यावर. शंभर वर्षांपूर्वी निवडणारे लोक शेतकऱ्याच्या पोराजवळ गेले होते. आता पोरानं दिल्लीला जायचं.

माझ्या मागण्या चारच आहेत. पहिली, निवडीचा नियम हंगामाच्या आधी मराठीत छापा आणि जिल्हा क्रीडा कार्यालयापासून आश्रमशाळेपर्यंत फलकावर लावा. किती जण, कोणती वेळ, बरोबरी झाली तर काय, सगळं. दुसरी, पहिले दोन नंबर आणि ठरलेली वेळ यांना कुणी हात लावायचा नाही. तिसऱ्या जागेवर कमिटीला मत द्यायचं असेल तर कारण लिहून, सही करून, त्याच फलकावर लावा. तिसरी, यादी अशा तारखेला जाहीर करा की तक्रार ऐकून निकाल लागेपर्यंत नावं द्यायची मुदत शिल्लक राहील. मुदत टळल्यावर मिळालेला न्याय म्हणजे पाऊस पडून गेल्यावर आलेली पेरणी. चौथी, जी वेळ आपल्या हवेत मिळत नाही ती मागत असाल, तर ती मिळेल तिथं पोरं नेण्याचा खर्च तुम्ही करा, आणि कुणाला न्यायचं तेही आकड्यावरच ठरवा.

यात फारसा पैसा लागत नाही. पहिल्या तीन मागण्यांना तर एक कागद आणि चार खिळे पुरतात. लासलगावला कांद्याचा भाव पडतो तेव्हा आम्ही रस्ता अडवतो, शिव्या देतो, पण बोली कोणी किती लावली ते आमच्या कानांनी ऐकलेलं असतं, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. आम्हा शेतकऱ्यांना त्या बाजाराबद्दल शंभर तक्रारी आहेत. तरी पोरांच्या निवडीसाठी निदान तेवढा उघडा लिलाव तरी मागावा लागतो, ही गोष्ट खेळ चालवणाऱ्यांनी मनाला लावून घ्यावी.