दीर्घ काव्य बायकांनीही रचले आहे




‘कवयित्रींचा जीव छोट्या भावगीतातच रमतो, लांब कथा त्यांना पेलत नाही,’ हे गेल्या रविवारच्या पत्रातले मत वाचून राहवले नाही. इंग्रजीतल्या रोमँटिक काळाचा दाखला तिथे दिला आहे. पण मेरी टाय यांचे ‘सायकी’ हे दीर्घ कथाकाव्य त्याच काळातले, 1805चे!

इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपल्या विदर्भातच, रिद्धपूरला, तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी ‘धवळे’ रचून गायिले. ती सुटी गाणी नव्हेत, रुक्मिणीस्वयंवराची सलग कथा आहे. आणि रुक्मिणी तर आपल्या कौंडण्यपूरची लेक. आमच्या पांढरकवड्यात हळदीच्या मांडवात आजीबाई एकीचे कडवे दुसरीने उचलत तास तास गात बसायच्या. मधेच कोणी चहा आणला तरी गाण्यातल्या नवरीची वाट सुटत नसे. दम नाही म्हणता तो कोणाला?

लक्ष्मीबाई टिळकांचे नाव त्या पत्रात नाही, याचे सर्वांत वाईट वाटले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या या बाईने, पतीच्या निधनाने अपुरे राहिलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ स्वतःचे 64 अध्याय लिहून पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ सगळ्यांना ठाऊक, हे अध्याय मात्र कोणी उघडत नाही.

पुरवणीत ‘धवळे’ आणि ‘ख्रिस्तायन’ यांवर एकेक सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, पांढरकवडा (जि. यवतमाळ)